जुन्या गाडीला जाड तेल : इलाज की नुसती खळ?

हिंगणा, वानाडोंगरी, इसासनी आणि एमआयडीसीच्या परिसरात लहान व्यापाऱ्याच्या दारात आज जी मालवाहू गाडी उभी असते, ती बहुधा शोरूममधून आलेली नसते. दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेली बोलेरो पिकअप, टाटा २०७ किंवा छोटा हत्ती म्हणून सगळे ओळखतात ती टाटा एस, हीच आपली गाडी. मीटर दोन लाखांच्या पुढे गेलेले असते, काहींचे तर केव्हाच बंद पडलेले असते. याच गाडीवर गांधीबाग-इतवारीहून कापडाचे गठ्ठे येतात, फर्निचरवाल्याचे कपाट जाते, वेल्डिंगवाल्याचे गेट जाते आणि आठवडी बाजाराचा माल पहाटे निघतो. ही गाडी आठ दिवस गॅरेजमध्ये पडली तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते आणि गेलेले गिऱ्हाईक परत येईलच असे नाही.

आम्ही कापडाचे व्यापारी, मेकॅनिक नाही. परंतु इंजिन उघडले की पैसे मालकालाच मोजावे लागतात. ज्याला पैसे मोजायचे त्याने मालाची माहिती घ्यावी, हा व्यापाराचा साधा नियम आहे. आपण मीटरभर कापड घेताना पोत पाहतो, अर्ज मोजतो, धागा ओढून पाहतो. मात्र इंजिनात पाच-सहा लिटर तेल ओतताना डब्यावरचे अक्षरही वाचत नाही. म्हणून या विषयावर आमचे मत वाचक बंधूंपुढे ठेवत आहोत.

मत थोडक्यात असे. जुन्या गाडीला जाड तेल हा आपल्याकडे रूढ झालेला इलाज बहुतेक वेळा इलाज नसतो. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचे सीलबंद तेल, अस्सल फिल्टर आणि वेळेवर बदल, एवढे केले तर महागड्या तेलाचीही गरज नाही आणि जाड तेलाचीही नाही.

रूढ इलाज

जुन्या गाडीची कहाणी सगळीकडे सारखी असते. सकाळी गाडी चालू केली की मागून निळसर धूर येतो. आठवड्याने डिपस्टिक काढून पाहावी तर तेल खालच्या खुणेवर आलेले असते. गॅरेजला नेली की ऐकायला मिळते, "सेठ, गाडी तेल पिते. आता पंधरा-चाळीस नको, वीस-पन्नास टाका. धूर बंद!" आणि धूर खरोखर कमी होतो. इंजिनाची खडखडही थोडी दबते. मालक खूश होतो आणि उस्तादही खूश होतात.

आमच्या धंद्यात हलक्या कापडाला भरपूर खळ देतात. दुकानात हाताला कापड जाड आणि भरगच्च लागते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि खाली जाळी उरते. झिजलेल्या इंजिनात जाड तेल टाकणे हे बरेचसे असेच आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झाले असतील, तर ते जाड तेलाने भरून येत नाहीत. झीज चालूच राहते, फक्त काही महिने दिसत नाही.

शिवाय जाड तेलाने नवे नुकसानही होते. गाडी थंड असताना चालू केली की तेल वरच्या भागांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि इंजिनाची बरीच झीज याच सुरुवातीच्या वेळी होते. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोच्या बेअरिंगला तेल उशिरा मिळते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तेल जाड असल्याने किंवा फिल्टर तुंबल्याने तेल अडू लागले, की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल गाळले न जाता तसेच इंजिनात जाते. इंजिन कोरडे राहू नये म्हणून ही सोय केलेली असते. परंतु त्या वेळी फिल्टर असून नसल्यासारखा होतो.

डब्यावरचे आकडे

डब्यावर १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ५० असे लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो. १५ डब्ल्यू तेलाची इंजिन सुरू होण्याची चाचणी उणे २० अंशांवर घेतात आणि २० डब्ल्यूची उणे १५ अंशांवर. नागपुरात पारा उणे जात नाही, म्हणून या आकड्याची आपल्याला फार चिंता नको. तरीही तो जितका लहान तितके तेल पहाटे लवकर वर चढते.

दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा. तेल १०० अंशांवर तापवून त्याचा दाटपणा मोजतात. ४० ग्रेडचे तेल तेव्हा १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकच्या दरम्यान असते, तर ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. कापडवाल्यांनी इथे सावध राहावे. सुताचा काउंट जितका मोठा तितके सूत बारीक असते. तेलाचे उलटे आहे, आकडा मोठा तितके तेल जाड.

आपल्याकडे उन्हाळा ४५ अंशांचा, म्हणून जाड तेलच हवे, असे पुष्कळ जण सांगतात. बाहेर ४५ अंश असले तरी चालू इंजिनातले तेल शंभराच्या आसपास तापलेले असते आणि ग्रेड त्याच तापमानावर ठरवलेली आहे. गाडी उन्हाळ्यात जास्तच तापत असेल तर आधी रेडिएटर, कूलंट, फॅन बेल्ट आणि थर्मोस्टॅट पाहावे. तेलाचा डबा बदलून रेडिएटरचा कचरा निघत नाही.

काही जुन्या मॉडेलांच्या पुस्तकात कंपनीनेच उष्ण प्रदेशासाठी २० डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ५० ची परवानगी दिलेली असते, हेही सांगितले पाहिजे. तसे लिहिले असेल तर ते तेल खुशाल वापरावे. आमची हरकत पुस्तक न पाहता, नुसता धूर दडवण्यासाठी ग्रेड चढवत जाण्याला आहे.

ग्रेडइतकीच महत्त्वाची दुसरी खूण म्हणजे एपीआयचा वर्ग. एपीआय ही अमेरिकेतील पेट्रोलियम उद्योगाची संस्था. तिच्या पद्धतीत एस ने सुरू होणारा वर्ग पेट्रोल इंजिनाचा आणि सी ने सुरू होणारा डिझेल इंजिनाचा. सीएफ-४ हा वर्ग १९९० च्या सुमाराचा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा आणि सीके-४ २०१६ चा. जुन्या डिझेल गाडीला तिच्या पुस्तकात मागितलेला वर्ग किंवा त्यानंतरचा वर्ग चालतो. सीके-४ हे सीआय-४ च्या जागी चालते. परंतु एफए-४ नावाचा एक वर्ग आहे, तो पातळ तेलाचा असून नव्या विशिष्ट इंजिनांसाठी आहे. तो आपल्या गाडीसाठी नाही. ज्यांनी २०२० नंतरची बीएस-६ गाडी घेतली आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असेल तर कमी राखेचे तेलच लागते. शेजाऱ्याच्या जुन्या गाडीचे उरलेले तेल तिच्यात ओतू नये.

डिझेलही आता बदलले आहे. बीएस-३ च्या काळात त्यात गंधक ३५० पीपीएमपर्यंत चालत असे. बीएस-४ देशभर लागू झाले २०१७ साली, तेव्हा मर्यादा ५० वर आली आणि १ एप्रिल २०२० पासून ती १० आहे. गंधकापासून आम्ल तयार होऊन तेल खराब होते, ती भीती आता पुष्कळ कमी झाली. परंतु जुन्या इंजिनाची काजळी आणि रस्त्याची धूळ काही कमी झालेली नाही. म्हणून तेल बदलण्याचा काळ फार लांबवू नये.

फिल्टरमध्ये बचत नको

तेलाच्या डब्यावर शेकडो रुपये जास्त मोजणारा माणूस फिल्टर घेताना मात्र "सस्तावाला दे दो" म्हणतो. आमच्या मते हिशोब नेमका उलटा असावा. मोटारीच्या तेलाला फिल्टर लावण्याची कल्पना १९२३ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाली आणि प्युरोलेटर हे नावच मुळी 'प्युअर ऑईल लेटर' या शब्दांवरून आले. तेल स्वच्छ राहिले तर इंजिन टिकते, ही गोष्ट शंभर वर्षांपासून माहीत आहे.

नकली फिल्टर बाहेरून हुबेहूब दिसतो. आत कागद कमी असतो, घड्या विरळ असतात, गोंद तापल्यावर सुटतो. गाडी बंद केल्यावर तेल परत खाली उतरू न देणारी रबरी झडप कधी निकृष्ट असते, कधी नसतेच. घेताना वजन हातात पाहा, रबराचे वायसर दाबून पाहा, छपाई आणि पार्ट नंबर जुन्या अस्सल फिल्टरशी ताडून पाहा. कंपनीने क्यूआर कोड दिला असेल तर मोबाईलवर तपासा.

बसवतानाही मालकाने उभे राहावे. जुन्या फिल्टरचे रबर इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवे बसले तर तेल गळते. नव्या रबराला थोडे तेल लावून फिल्टर हाताने बसवतात आणि रबर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आवळतात. पान्याने ताकद लावण्याचे कारण नाही. काढलेला फिल्टर कापून त्याचा कागद पाहण्याची सवय उस्तादांना लावावी. त्यात धातूची चमक दिसली आणि ती लोहचुंबकाला चिकटली तर लोखंडाची झीज आहे. चिकटली नाही तर बेअरिंगची झीज असण्याची शक्यता आहे. अशा वेळी कोणत्याही ग्रेडचे तेल उपयोगी पडणार नाही.

हवेच्या फिल्टरला तर आपण विसरूनच जातो. एक लिटर डिझेल जाळायला इंजिन निदान दहा हजार लिटर हवा ओढते. मुरूम-गिट्टीच्या ट्रकांमागून आपली गाडी रोज जाते. ती बारीक धूळ आत गेली की सिलिंडर आणि रिंगा घासते, आणि मग आपण म्हणतो की गाडी तेल पिते. फिल्टर साफ करताना हवा आतून बाहेर मारावी, तीही जपून, कारण जोराच्या हवेने कागदाला बारीक छिद्रे पडतात. फिल्टरपासून इंजिनापर्यंत जाणारा रबरी पाईप जुन्या गाडीत चिरलेला असतो, तो हात फिरवून पाहावा. पाईप फाटका असेल तर नव्या फिल्टरचा काही उपयोग नाही. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणीही पावसाळ्यात वरचेवर काढावे.

सुटे तेल आणि रिकामा डबा

ड्रममधून मापाने मिळणारे सुटे तेल स्वस्त असते. ते कोणते आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक असेलच असे नाही. जळालेले तेल गाळून, रंग देऊन पुन्हा विकण्याचा उद्योग जुना आहे. त्याला आळा घालण्यासाठी सरकारने १९८७ साली वंगण तेलासंबंधी आदेश काढला होता. कायदा असला तरी गिऱ्हाईक डोळे मिटून घेत असेल तर हा धंदा चालूच राहील.

आपल्या हातात दोन उपाय आहेत. पहिला, तेल बदलून झाले की रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडावे आणि झाकण मोडावे. चांगल्या स्थितीतला रिकामा डबा भंगारात जास्त भावाने का जातो, याचा विचार प्रत्येकाने करावा. दुसरा, काढलेले काळे तेल कोणालाही विकू नये आणि नालीत तर मुळीच ओतू नये. वेणा नदी आपल्याच उशाशी आहे. वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल उत्पादक आणि आयातदारांवरही टाकली आहे. अधिकृतपणे गोळा करणाऱ्यालाच ते द्यावे. नाहीतर आपणच विकलेले तेल उद्या नव्या डब्यातून आपल्याच गाडीत येईल.

तेल आणि फिल्टर पक्क्या बिलावर घ्यावे. माल नकली निघाला तर बिल हाताशी राहते. शिवाय जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्याच्या मालवाहू गाडीच्या तेलावर, फिल्टरवर आणि दुरुस्तीवर भरलेल्या कराचे क्रेडिट नियमानुसार मिळू शकते. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना ते मिळत नाही. आपल्या कर सल्लागाराला एकदा विचारून घ्यावे. कच्च्या बिलात वाचलेले पैसे पुष्कळदा वाचलेले नसतातच.

किती दिवसांनी बदलावे?

आपल्याच एमआयडीसीत महिंद्रचे ट्रॅक्टर तयार होतात. ट्रॅक्टरची सर्व्हिस किलोमीटरवर ठरत नाही, इंजिन किती तास चालले यावर ठरते. आपल्या गाडीलाही हा विचार लागू आहे. गांधीबागच्या गर्दीत, माल चढवता-उतरवताना गाडी तासभर जागेवर चालू असते. मीटर हलत नाही, पण तेल जुने होत राहते. त्यात जादा भार, धूळ आणि छोट्या फेऱ्या. पुस्तकात चांगल्या रस्त्यावरचा जो आकडा दिला असेल तो आपल्या वापरासाठी अर्ध्याच्या आसपास धरावा, असे आमचे मत आहे.

महाग पडेल असे वाटणाऱ्यांनी हिशोब करावा. समजा तेल आणि फिल्टर मिळून ३००० रुपये लागले. ५००० किलोमीटरला बदलले तर किलोमीटरला ६० पैसे, १०,००० ला बदलले तर ३० पैसे. फरक ३० पैशांचा. लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी ९० रुपये भावाने डिझेलचे साडेसात रुपये किलोमीटरला खाते. भाड्याच्या भावात ३० पैशांनी कोणी फेरी नाकारत नाही. इंजिनाचे काम निघाले तर मात्र एका सीझनचा नफा जातो आणि गाडी उभी राहते ते वेगळेच.

नुकतीच जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय टाकले होते हा तपास सोडून द्यावा. तेल आणि तिन्ही फिल्टर बदलावेत. पहिला बदल दोन-तीन हजार किलोमीटरवर पुन्हा करावा आणि मग नेहमीचा काळ धरावा. इंजिन धुण्याचे जे औषध मिळते त्याच्या नादी लागू नये. वर्षानुवर्षे साचलेला गाळ एकदम सुटला तर तेलपंपाची जाळी बुजते. लवकर केलेल्या दोन बदलांत तोच गाळ हळूहळू निघतो.

एक वही ठेवा

उधारीची वही ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला गाडीची वही ठेवणे जड नाही. सपाट जागी, गाडी बंद करून दहा मिनिटांनी, दर आठवड्याला डिपस्टिक पाहावी आणि लिहावे : तारीख, मीटर, वरून किती तेल टाकले. मीटर बंद असेल तर आधी ते दुरुस्त करावे. हजार किलोमीटरला पाव लिटर लागत असेल तर तेवढे टाकत राहावे आणि गाडी चालवावी. तोच आकडा लिटरच्या जवळ गेला तर ग्रेड चढवण्याऐवजी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. कधी दोष नुसत्या व्हॉल्व्ह सीलचा निघतो आणि थोडक्यात भागते.

डिझेल गाडीचे तेल लवकर काळे होते, त्याला घाबरू नये. काजळी धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे. घाबरावे ते दोन गोष्टींना. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. तेलाची पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर इंधन तेलात उतरते आहे. या दोन्हीत गाडी तिथेच थांबवून उस्तादांना बोलवावे.

विकताना

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, पण बोलला पाहिजे. आपल्या भागात जाड तेल सगळ्यात जास्त खपते ते गाडी विकायच्या आठवड्यात. धूर दबतो, आवाज दबतो, गिऱ्हाईक चक्कर मारून समाधानी होते. घेणारा बहुधा आपल्यासारखाच लहान माणूस असतो. त्याने बचत मोडून किंवा कर्ज काढून गाडी घेतलेली असते. महिन्या-दोन महिन्यांत ती निळा धूर सोडू लागते. गाडी पंधरा वर्षांच्या पुढची असेल तर १ एप्रिल २०२२ पासून तिच्या फिटनेसचे शुल्कही वाढलेले आहे. धुराच्या तपासणीत ती अडकली तर तो भुर्दंडही त्याच्याच डोक्यावर येतो.

खळ दिलेले कापड चांगले म्हणून विकणाऱ्याला बाजारात आपण काय नाव ठेवतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी विकताना वही दाखवावी, तेल किती लागते ते सांगावे आणि त्याप्रमाणे भाव कमी घ्यावा. घेणाऱ्यानेही गाडी थंड असतानाच पाहायला जावे, कारण तापवून ठेवलेल्या इंजिनाचा पहिला धूर निघून गेलेला असतो. कोणते तेल टाकले आहे ते विचारावे. वही असलेल्या गाडीला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

उस्तादांशी आमचे भांडण नाही. गिऱ्हाईक पैसे काढत नाही म्हणून तेही स्वस्तातला उपाय सांगतात. आपण पुस्तक घेऊन गेलो, अस्सल फिल्टर मागितला, मजुरीत घासाघीस केली नाही, तर तेही नीट काम करतील. येत्या सुटीच्या दिवशी गाडीचे पुस्तक शोधा, डिपस्टिक पाहा आणि वहीचे पहिले पान लिहा. सहा महिन्यांनी तीच वही उस्तादांपुढे ठेवली की कोणते तेल टाकायचे यावर वाद घालायची वेळच येणार नाही.